रक्तावरून फुप्फुसाची परीक्षा

आपल्या खेड्यापाड्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. एखाद्याचा खोकला हटत नसतो, अंग वाळत चाललेले असते, आणि कुणी काळजीने विचारले की तो सांगतो, "अहो, रक्त तपासलं ना! सगळं नॉर्मल आहे." त्या एका वाक्यावर घरची मंडळी निर्धास्त होतात. माझे थोरले मामा असेच निर्धास्त राहिले. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस. पण शाळा सुटली की बोटांत विडी. पाच महिने खोकला होता. तालुक्याच्या गावी जाऊन रक्त तपासून आले. कागदावरचे सारे आकडे ठीक होते. तो कागद घडी घालून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि जो भेटेल त्याला दाखवला. छातीचा फोटो काढायचा तेवढा राहून गेला. पुढे काढला, तेव्हा उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ दिसली. ती कर्करोगाची निघाली, आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. पण मामांच्या त्या कागदाने मला पुष्कळ विचार करायला लावला. कागद खोटा नव्हता. त्यात जे लिहिले होते ते खरेच होते. आमची चूक वेगळी होती. जो प्रश्न त्या तपासणीला कुणी विचारलाच नव्हता, त्याचेही उत्तर त्या कागदात आहे असे आम्ही धरून चाललो. तेव्हा आज आपण तो प्रश्नच नीट विचारू या. फुप्फुसात बिघडलेली पेशी रक्तावरून ओळखता येते का? येत असेल तर कितपत?

आधी आपली नेहमीची रक्ततपासणी काय पाहते ते समजून घेऊ. दंडाला पट्टा बांधून थोडे रक्त घेतात. त्यात तांबड्या पेशी किती, पांढऱ्या किती, हिमोग्लोबिन किती हे मोजतात. कधी साखर पाहतात, कधी मूत्रपिंडाचे व यकृताचे काम पाहतात. या सगळ्या मोजणीत फुप्फुसातल्या गाठीचा शोध कुठेच नसतो. गाठ असूनही हे आकडे ठीक असू शकतात. विहिरीचे पाणी गोड लागले म्हणून विहिरीच्या तळाशी काय पडले आहे ते कळत नाही, तसेच हे.

आता फुप्फुसाकडे वळू. आपण श्वास घेतो तो हजारो बारीक नळ्यांतून जाऊन शेवटी कोट्यवधी सूक्ष्म फुग्यांत पोचतो. या फुग्यांच्या भिंतींना रक्ताच्या अतिशय बारीक केशवाहिन्या बिलगलेल्या असतात. हवा आणि रक्त यांच्यामध्ये पडदा असतो तो केसापेक्षाही कितीतरी पातळ. वर्षानुवर्षे विडी-सिगारेटचा धूर आत गेला, किंवा कोंदट स्वयंपाकघरात लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीपुढे बसून आयाबहिणींनी धूर गिळला, की नळ्यांचे अस्तर सुजते, फुगे फाटतात, श्वासमार्ग कायमचा अरुंद होतो. चार पावले चालले की धाप लागते. डॉक्टर या जुनाट विकाराला सी.ओ.पी.डी. म्हणतात. आपल्या बोलण्यात तो नुसता 'दमा' होऊन जातो. पण हा विकार आणि दमा एक नव्हेत. ज्यांना हा विकार आहे आणि ज्यांनी तंबाखू ओढलेली आहे, त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

कर्करोग म्हणजे काय? आपल्याच शरीरातली पेशी, पण ताळतंत्र सोडलेली. तिने वाढायचे कधी आणि थांबायचे कधी, याचे हुकूम तिच्या गुणसूत्रांत लिहिलेले असतात. ते हुकूम बिघडले की ती थांबतच नाही. अशा पेशींचा गोळा वाढता वाढता त्यातल्या काही पेशी सुटतात आणि शेजारच्या रक्तवाहिनीत शिरतात. पाटाच्या पाण्याबरोबर तणाचे बी एका वावरातून दुसऱ्या वावरात जावे, तसा हा प्रवास असतो.

रक्तातली ही भटकी पेशी प्रथम पाहिली ती ऑस्ट्रेलियातल्या टॉमस अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरांनी, १८६९ साली. कर्करोगाने मरण पावलेल्या एका रोग्याचे रक्त त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्यांना त्याच्या गाठींतल्या पेशींसारख्याच पेशी त्यात दिसल्या. पुढे वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी एक विचार मांडला, तो आपल्या शेतकरी बंधूंना लगेच पटेल. ते म्हणाले, रोगाचे बी सगळीकडे पडते, पण रुजते ते त्याला मानवणाऱ्या जमिनीतच. म्हणून एका ठिकाणचा कर्करोग शरीराच्या ठराविक भागांतच पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

आता तुम्ही म्हणाल, बी रक्तातून वाहते हे दीडशे वर्षांपूर्वी कळले, मग रक्त काढायचे आणि बी शोधायचे, यात अवघड ते काय? अवघड आहे ती संख्या. एक मिलिलिटर रक्त म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात सुमारे पाचशे कोटी तांबड्या पेशी असतात आणि चाळीस लाखांपासून एक कोटीपर्यंत पांढऱ्या. या गर्दीत बिघडलेली पेशी असलीच तर एखाददुसरी, फार तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पंढरीच्या वारीत हरवलेले पोर शोधणे यापुढे सोपे म्हणायचे.

तरीही शास्त्रज्ञांनी तीन युक्त्या काढल्या.

पहिली युक्ती लोहचुंबकाची. फुप्फुस, स्तन, आतडे यांच्या अस्तरातल्या पेशींच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन असते. रक्तातल्या पेशींवर ते सहसा नसते. त्या प्रथिनाला चिकटणारे पदार्थ लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांवर चढवून ते कण रक्तात मिसळतात. कण त्या पेशींना जाऊन बिलगतात, आणि बाहेरून चुंबक लावला की लोखंडाबरोबर पेशीही ओढली जाते. या पद्धतीची एक तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली मान्य केली. पण ती अंगभर पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी. साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी सापडल्या तर रोगाचा जोर जास्त, असा तिचा हिशेब होता. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र हा चुंबक पुष्कळदा फसतो, कारण गाठ सोडून निघालेल्या काही पेशी ते ओळखीचे प्रथिनच अंगावरून टाकून देतात.

दुसरी युक्ती चाळणीची. तांबडी पेशी सुमारे सात-आठ मायक्रॉन रुंद असते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ती लवचीक असते, अंग चोरून बारीक भोकातून निघून जाते. कर्करोगाची पेशी बहुधा मोठी आणि ताठर. तेव्हा आठ मायक्रॉनची भोके असलेल्या पातळ पडद्यातून रक्त गाळले, तर तांबड्या पेशी खाली जातात आणि मोठ्या पेशी वर राहतात. आपण पीठ चाळतो आणि कोंडा वर राहतो, तसे. मग वर राहिलेल्या पेशींना रंग देऊन तज्ज्ञ त्यांचे रूप पाहतो.

तिसरी युक्ती गुणसूत्रे मोजण्याची. निरोगी पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. एखाद्या जोडीवरच्या ठराविक जागेला चमकणारा रंग चिकटवला, तर निरोगी पेशीत त्या रंगाचे दोन ठिपके दिसायला हवेत. बिघडलेल्या पेशीत कधी तीन दिसतात, कधी चार, कधी एकच. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी या रीतीने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांचे रक्त पाहिले. तिसऱ्या आणि दहाव्या गुणसूत्रावरचे ठिपके त्यांनी मोजले आणि २०१० साली आपले काम प्रसिद्ध केले. निरोगी माणसांपेक्षा रोग्यांच्या रक्तात बिघडलेल्या पेशी अधिक होत्या.

आता मी तुम्हांला फ्रान्स देशातली एक हकीकत सांगणार आहे. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे.

समुद्रकाठच्या नीस शहरातील डॉक्टरांनी सी.ओ.पी.डी. असलेले १६८ रोगी निवडले. त्यांपैकी कुणालाही कर्करोग असल्याचे तोवर आढळले नव्हते. सर्वांचे रक्त त्या चाळणीतून गाळले. पाच जणांच्या रक्तात संशयित पेशी सापडल्या. फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठ मात्र एकाच्याही नव्हती. डॉक्टरांनी या पाच जणांवर नजर ठेवली, दरवर्षी स्कॅन केला. एक ते चार वर्षांच्या आत पाचही जणांच्या फुप्फुसात गाठ दिसू लागली. ती लहान असतानाच शस्त्रक्रियेने काढली. कर्करोगच होता. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभर आशा पसरली. स्कॅनच्याही आधी रक्ताने बातमी दिली होती!

पण तिथले डॉक्टर खऱ्या शास्त्राला जागले. पाच रोग्यांवरून नियम बांधता येत नाही हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी फ्रान्समधल्या अनेक रुग्णालयांना बरोबर घेतले आणि या वेळी सहाशेहून अधिक, नेमके सांगायचे तर ६१४ रोगी घेतले. प्रत्येकाचे रक्तही तपासले आणि स्कॅनही केला. २०२० साली निकाल बाहेर आला. पहिल्या फेरीत १९ जणांना कर्करोग असल्याचे सिद्ध झाले. त्या एकोणीसांपैकी रक्ताच्या चाळणीने किती जण ओळखले? अवघे पाच. चौदा जणांचे रक्त 'काही नाही' म्हणाले होते. उलट, कर्करोग नसलेल्या काही माणसांच्या रक्तात मात्र संशयित पेशी दिसल्या. डॉक्टरांनी स्वच्छ लिहून टाकले की, निरोगी दिसणाऱ्या माणसांतून कर्करोगी निवडून काढण्यास ही तपासणी योग्य नाही.

श्रोतेहो, त्या चौदा जणांचा विचार करा. त्यांचा स्कॅन झाला नसता आणि नुसते रक्त तपासले असते, तर तेही माझ्या मामांसारखा घडी घातलेला कागद खिशात घेऊन हिंडले असते.

असे का व्हावे? यामागे एक साधे गणित आहे. शिक्षकमित्रांनी ते वर्गात करून दाखवावे. एका छोट्या वाटीने मोजून पन्नास वाट्या ज्वारी घ्या. तीत उडदाचे बरोबर पन्नास दाणे टाका आणि चांगले कालवा. मग पन्नास मुलांना एकेक वाटी भरून द्या आणि उडीद शोधायला सांगा. सरासरीने वाटीला एक दाणा यायला हवा. पण प्रत्यक्षात कुणाच्या वाटीत दोन निघतील, कुणाच्या तीन, आणि साधारण अठरा मुलांच्या वाटीत एकही नसेल. कधी दोन-चार कमी, कधी दोन-चार जास्त. ही अठरा मुले प्रामाणिकपणे सांगतील, "गुरुजी, या ज्वारीत उडीद नाही." मुले खोटे बोलत नाहीत, त्यांनी नीट पाहिलेले असते, तरी त्यांचा निष्कर्ष चुकीचा असतो.

आता हेच रक्ताला लावा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. तपासणीला घेतात दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे. एकूण रक्ताचा पाचशेवा भाग. समजा एका क्षणी अंगातल्या साऱ्या रक्तात पाचशे बिघडलेल्या पेशी आहेत. दोन चमच्यांत सरासरीने एक येणार. म्हणजे शंभर वेळा रक्त घेतले तर सदतीस वेळा पेशी मुळी हातीच लागणार नाही. रोग अगदी कोवळा असताना रक्तात पाचशेच काय, पन्नासही पेशी नसतील. शिवाय काही पेशी लहान असतात, चाळणीतून निसटतात. काही वाटेतच मरतात. म्हणून ज्या वेळी बातमी हवी, नेमकी त्याच वेळी ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी.

तर्कशास्त्राच्या वर्गात मी मुलांना सांगत असतो की 'सापडले नाही' आणि 'नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. रोग्याच्या घरात हा भेद नुसता पुस्तकातला राहत नाही. एका वाक्यावर माणूस घरी बसतो, दुसऱ्यावर पुढची तपासणी करतो.

मग हा सारा खटाटोप फुकट गेला काय? मुळीच नाही. ज्याचा रोग आधीच सिद्ध झाला आहे त्याला रक्ताची परीक्षा फार उपयोगी पडू लागली आहे. कर्करोगाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातील आनुवंशिक द्रव्याचे, म्हणजे डी.एन.ए.चे, बारीक तुकडे रक्तात उतरतात. आख्खी पेशी सापडली नाही तरी हे तुकडे वाचता येतात. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत एका विशिष्ट जनुकात बिघाड असतो, आणि त्या बिघाडावर नेमक्या लागू पडणाऱ्या गोळ्या आहेत. तो बिघाड रक्तावरून ओळखण्याच्या तपासणीला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. आता आपल्याकडेही मोठ्या शहरांतून ती होते. ज्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत सुई घालून गाठीचा तुकडा काढणे धोक्याचे असते, त्याला हा मोठाच आधार आहे. पण इथेही अट तीच आहे. रक्तात बिघाड सापडला तर ठीक. सापडला नाही, तर शक्य असेल तेव्हा गाठीचा तुकडा काढून पुन्हा पाहावे लागते.

आपल्या देशाने याच बाबतीत एक धडा घेतलेला आहे. क्षयरोग ओळखण्यासाठी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी पूर्वी जागोजाग होत असे. लोक पैसे मोजत आणि त्या कागदावर विश्वास ठेवत. ती तपासणी भरवशाची नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सांगितले आणि २०१२ साली भारत सरकारने तिच्यावर बंदी घातली. फुप्फुसातला क्षय ओळखायचा तो मुख्यतः थुंकीवरून आणि छातीच्या फोटोवरून.

आता कामाचे सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या; क्षयाची ही तपासणी तिथे मोफत होते. छातीचा फोटो काढा. फोटोत डाग दिसला तर तो क्षयाचाच असे घरी बसून ठरवू नका. क्षयाचा डाग आणि कर्करोगाची गाठ फोटोत पुष्कळदा सारखी दिसते, आणि आपल्याकडे क्षय फार, म्हणून मन आधी तिकडेच धावते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नसतील, किंवा क्षयाची औषधे नियमाने घेऊनही दोन महिन्यांत उतार पडत नसेल, तर औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा, "याहून वेगळं काही असेल का? स्कॅन करायचा का?" खोकल्यातून रक्त पडणे, वजन घटणे, आवाज बसून तो न सुटणे, ही लक्षणे असतील तर एक दिवसही दवडू नका. धाप लागत असेल तर यंत्रात फुंकर मारून श्वासाची ताकद मोजण्याची साधी तपासणी असते, ती करून घ्या. विडी आजच टाका. आणि घरातल्या चुलीचा धूर बाहेर जायला वाट करून द्या. तो ओढणारी बाई कधी तक्रार करीत नाही म्हणून तो कमी घातक ठरत नाही.

उद्या कुणी तुम्हांला सांगेल की, 'एका थेंबात सगळे कर्करोग कळतात.' तेव्हा रागावू नका, हसू नका. शांतपणे दोन प्रश्न विचारा. ही तपासणी नेमके काय शोधते? आणि तिला काही सापडले नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? दुसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले नाही, तर तो कागद खिशात ठेवून निर्धास्त होऊ नका.

शास्त्र पुढे जात आहे. चाळण्या सुधारत आहेत, ठिपके मोजायला यंत्रे आली आहेत. कदाचित आपल्या नातवंडांच्या काळात दोन चमचे रक्त फुप्फुसाची खरी बातमी वेळेवर देईलही. तोवर खोकणाऱ्या माणसाला, "रक्त तपासलं का?" एवढेच विचारून थांबू नका. "छातीचा फोटो काढला का? थुंकी दिली का?" हेही विचारा. माझ्या मामांना ते कुणी विचारले नाही. मीही नाही.